अर्जुनसालीचा काढा

अर्जुनसालीचा काढा : अर्जुन वृक्षाच्या (सं. अर्जुन, ककुभ, पार्थ, हिं. अर्जुन, कोहा, लॅ. टर्मिनॅलिया अर्जुना, कुल–काँब्रेटेसी) खोडाची सुकी साल पाण्यात अथवा दुधात उकळून केलेले, हृदयास हितकर मानलेले पेय. अलीकडे भरड कुटलेली साल ‘अर्जुन चहा’ या नावानेही विकली जाते. तीत चहाची पाने असतातच असे नाही.

हा सु. २०–२५ मी. उंचीचा वृक्ष नदीनाल्यांच्या काठी वाढतो. हिरडा, बेहडा व ऐन हे त्याच्याच प्रजातीतील होत. साल गुळगुळीत, करडी-पांढरट असून तिचे पातळ पापुद्रे सुटतात. फळास पाच पंख असतात. ऐनाची साल काळपट व खोल भेगांची असल्यामुळे उभ्या झाडांत घोटाळा होत नाही. दुकानातील भुकटीत मात्र तो सहज होऊ शकतो. म्हणून भुकटीपेक्षा सालीचे तुकडे घेणे बरे.

काढ्यासाठी शार्ङ्‌गधराच्या परिभाषेनुसार सालीच्या सोळापट पाणी घालून ते अष्टमांश उरेपर्यंत आटवितात. क्षीरपाकात सालीच्या आठपट दूध व दुधाच्या चौपट पाणी घेतात, उदा., ५ ग्रॅ. साल, ४० मिलि. दूध व १६० मिलि. पाणी. मंद आचेवर पाणी आटून दूध तेवढे उरले की गाळून घेतात. पाण्यातील काढा तांबूस व अतिशय तुरट लागतो; जीभ व गालांची आतली बाजू आवळल्यासारखी होते. हा तुरटपणा सालीतील टॅनिनांचा. ती लाळेतील प्रथिनांशी जखडली जातात. दुधातील केसीन हे प्रथिन त्यांना आधीच बांधून घेत असल्यामुळे क्षीरपाक पुष्कळ सौम्य लागतो. साखर घातल्याने तुरटपणा झाकला जातो, जात नाही.

आयुर्वेदात ही साल कषाय रसाची व शीतवीर्य मानली आहे. अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताने हृद्‌रोगात ती दूध, तूप अथवा गुळाच्या पाण्याबरोबर घेण्यास सांगितली. द्राक्षे, मोहाची व धायटीची फुले आणि गूळ यांसह आंबवून केलेले अर्जुनारिष्ट हे तिचे दुसरे प्रसिद्ध रूप.

आधुनिक परीक्षणांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. कलकत्त्यात रामनाथ चोप्रा व सहकाऱ्यांनी १९२९ मध्ये केलेल्या अभ्यासात हृदयावर विशेष परिणाम आढळला नाही. पुढे सालीतून अर्जुनोलिक अम्ल, अर्जुनेटीन इ. संयुगे वेगळी करण्यात आली. १९९५ मध्ये हृदयाच्या तीव्र निष्फलतेच्या (हृदय पुरेसे रक्त पुढे ढकलू न शकण्याच्या) १२ रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत सालीचा अर्क दिला असता सुधारणा दिसली. पण रुग्णसंख्या फारच थोडी होती. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील १०० रुग्णांच्या परीक्षणात (२०१६) बारा आठवड्यांनंतर हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता वाढली नाही. काही रुग्णांची लक्षणे व हालचालींची क्षमता तेवढी सुधारली. ही परीक्षणे मोजून दिलेल्या अर्काची आहेत. घरच्या काढ्यात द्रव्य किती उतरते हे साल व उकळण्याचा वेळ यांवर अवलंबून असल्याने ते आकडे कपातील पेयाला लावता येत नाहीत.

त्यामुळे हा काढा औषधाला जोड म्हणून विचारात घेता येईल. औषधाच्या जागी नव्हे. वैद्याने वा डॉक्टराने दिलेल्या गोळ्या काढ्याच्या भरवशावर बंद करणे धोक्याचे आहे. छातीत दाब, डाव्या हातात कळ वा अचानक धाप ही लक्षणे दिसता काढा करीत न बसता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. रक्त गोठू न देणारी अथवा रक्तदाब उतरविणारी औषधे चालू असल्यास काढा घेत असल्याचे डॉक्टरास सांगणे अवश्य. टॅनिनांमुळे बद्धकोष्ठ होऊ शकते व अन्नातील लोहाचे शोषणही घटते. म्हणून तो जेवणाबरोबर घेऊ नये.

आहाराचा प्रश्नही उरतोच. वसईच्या पाचूबंदरासारख्या कोळी वस्त्यांत सुकी मासळी नित्याची. दोऱ्यांवर उन्हात वाळविलेले बोंबील बहुधा मिठाविना सुकवितात. खाऱ्या मासळीत मात्र मीठ भरपूर असते, व त्याने शरीरात पाणी साठून दुबळ्या हृदयावरील भार वाढतो. अशा रुग्णाने सकाळी क्षीरपाक व दुपारी खारा बांगडा घेतला, तर काढ्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.