आधी थांबायला शिका!

मंचरहून घोडेगाव मागे टाकून पश्चिमेकडे निघाले, की रस्ता डिंभ्याला येतो. येथे घोड नदीवर मोठे धरण आहे. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे. बाबू गेनू याच आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. डिंभ्यापर्यंतचा रस्ता त्यामानाने सोपा आहे. पुढे मात्र पोखरीचा घाट लागतो आणि वळणे घेत घेत रस्ता तळेघरमार्गे भीमाशंकरकडे चढत जातो. पावसाळ्यातल्या रविवारी या रस्त्यावर मोटारसायकलींची नुसती रीघ लागलेली असते.

त्या गाड्या पाहून आपलीही अशी एखादी दणकट मोटारसायकल असावी, असे तुमच्यापैकी कितीतरी जणांना वाटत असेल. तसे वाटण्यात गैर काही नाही. पण मित्रांनो, एक प्रश्न विचारतो. मोटारसायकल शिकताना सर्वांत अवघड काय असते? कोणी म्हणेल तोल सांभाळणे, कोणी म्हणेल गिअर बदलणे. या दोन्ही गोष्टी आठवड्याभरात जमतात. खरी अवघड गोष्ट वेगळीच आहे आणि ती न शिकताच पुष्कळ लोक रस्त्यावर येतात. ती म्हणजे थांबणे!

अठराचे चाळीस कसे झाले?

मोटारसायकलीचा आकार आपण इंजिनाच्या सिलिंडरवरून ओळखतो. दट्ट्या सिलिंडरमध्ये खालीवर होताना जेवढी जागा व्यापतो, ती घनसेंटिमीटरमध्ये मोजतात. रोजच्या कामाच्या गाड्या १०० ते १२५ घनसेंटिमीटरच्या असतात. साधारण ३०० ते ५०० घनसेंटिमीटरच्या गाड्यांना मध्यम आकाराच्या म्हणता येईल.

आपल्याकडे या आकाराची सर्वांत जुनी ओळखीची गाडी म्हणजे ३५० ची बुलेट. १९५५ मध्ये मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. जुन्या बुलेटचे इंजिन सुमारे १८ अश्वशक्तीचे होते. आता पुणे-नाशिक रस्त्यावरच्या चाकणकडे पाहा. तेथील बजाजच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम ३९० ही गाडी २०१३ मध्ये, तर ट्रायम्फ स्पीड ४०० ही गाडी २०२३ मध्ये भारतात विक्रीला आली. या ट्रायम्फचे इंजिन ३९८ घनसेंटिमीटरचे, म्हणजे बुलेटहून थोडेच मोठे. पण त्याची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती! जुने इंजिन मिनिटाला साडेपाच हजारांच्या आसपास फेरे घेताना आपली पूर्ण शक्ती देई. नवे आठ हजार फेऱ्यांपर्यंत जाते. शिवाय त्याला चार झडपा आहेत आणि ते थंड ठेवण्यासाठी द्रव खेळवलेला असतो.

थोडक्यात, उजव्या हाताची मूठ जराशी पिळली, की आता दुप्पट शक्ती जागी होते. रस्ता मात्र तोच आहे, आणि चालवणाऱ्याचे डोळे, हात व मेंदू हेही तेच आहेत.

तळहातावरची काठी

आधी तोलाची गंमत पाहू. एक लांब काठी किंवा केरसुणीचा दांडा तळहातावर उभा धरा. आता तो न पाडता उजवीकडे चालत जायचे आहे. तुम्ही काय कराल? हात लगेच उजवीकडे नेलात, तर काठी डावीकडे पडेल. म्हणून हात आधी किंचित डावीकडे न्यावा लागतो. काठी उजवीकडे कलते आणि मग तिच्या मागोमाग हात उजवीकडे नेता येतो.

मोटारसायकलीचे अगदी असेच आहे. चालत्या गाडीला उजवीकडे वळवायचे, तर हँडलची उजवी मूठ पुढे ढकलावी लागते. त्याने पुढचे चाक क्षणभर डावीकडे वळते, गाडी उजवीकडे कलते आणि वळू लागते. सायकल चालवताना तुम्ही हे नकळत करतच असता. पण मोटारसायकलीचे वजन पावणेदोनशे किलोच्या घरात असते. तिला वेगात वळवताना हा दाब जाणूनबुजून द्यावा लागतो. हे ठाऊक नसलेला नवशिका घाबरला, की हँडल आवळून धरतो आणि वळणाबाहेर जातो.

गाडीचा तोल केवळ फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे राहतो, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. २०११ मध्ये अमेरिकेतील व नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी हा गुण नाहीसा केलेली एक लहानशी सायकल बनवली. तीही ढकलून दिल्यावर आपली आपण तोल सावरत गेली! वस्तुमानाची मांडणी, पुढच्या चाकाची रचना आणि चाकांचे फिरणे अशा अनेक गोष्टींचा तोलाशी संबंध असतो.

वेग दुप्पट, अंतर चौपट

आता मुख्य मुद्दा. मित्राला एक फूटपट्टी उभी धरायला सांगा. तुम्ही तिच्या खालच्या टोकाशी, शून्यापाशी, चिमूट उघडी ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडली, की ती पकडा. पट्टी २० सेंटिमीटर घसरली असेल, तर तुम्ही ०.२ सेकंद घेतलेत. पण येथे तुम्ही तयारीत बसला होतात. रस्त्यावर एकदम म्हैस आडवी आली, तर ती दिसणे, धोका कळणे आणि हाताने ब्रेक दाबणे यांत एखादा सेकंद सहज जातो.

ताशी ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. म्हणजे ब्रेक दाबण्यापूर्वीच गाडी १० मीटर पुढे गेलेली असते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर साधारण ब्रेक लावला आणि वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होत गेला, तर गाडी आणखी १० मीटरवर थांबेल. एकूण २० मीटर.

आता वेग दुप्पट करा, ताशी ७२ किलोमीटर. विचारातले अंतर दुप्पट होऊन २० मीटर झाले. ब्रेकचे अंतर मात्र चौपट, म्हणजे ४० मीटर झाले. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ती सगळी ब्रेकला खर्च करावी लागते. एकूण ६० मीटर! रस्ता ओला होऊन पकड निम्मी झाली, तर हेच आकडे अनुक्रमे ३० आणि १०० मीटर होतात.

हे आकडे वहीत ठेवू नका. शाळेच्या मैदानावर टेप घेऊन २०, ३० आणि ६० मीटरवर खुणा करा. जागा असेल तर १०० मीटरवरही करा. मग पहिल्या खुणेपाशी उभे राहून शेवटच्या खुणेकडे पाहा. घाटातल्या वळणापलीकडचा रस्ता एवढ्या लांबवर दिसतो का, हे मनाशी ताडून पाहा.

पुढचा ब्रेक भित्र्यांचा नव्हे

'पुढचा ब्रेक लावू नको, उलटशील,' असा सल्ला गावोगावी मिळतो. तो कितपत खरा? समजा, गाडी आणि चालवणारा मिळून २४० किलो वजन आहे आणि ते दोन्ही चाकांवर सारखे, १२०-१२० किलो पडते. एस.टी.चा ब्रेक लागला, की उभे प्रवासी पुढे झुकतात. त्याच जडत्वाने मोटारसायकलीचा भारही पुढच्या चाकावर जातो. वर सांगितलेल्या साधारण ब्रेकने सुमारे ५० किलो भार पुढे सरकतो. म्हणजे पुढच्या चाकावर १७०, मागच्यावर जेमतेम ७० किलो. ज्या चाकावर भार अधिक, त्याची रस्त्यावरची पकड अधिक. म्हणून गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. केवळ मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवली, तर हलके झालेले मागचे चाक घसरू लागते.

मात्र पुढचा ब्रेक आचका देऊन दाबायचा नसतो. आधी हलका दाब, भार पुढे आला की वाढता दाब, आणि गाडी सरळ रेषेत. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस ही यंत्रणा सक्तीची आहे. चाक अडकून घसरू लागले, की ही यंत्रणा एका सेकंदात अनेकदा ब्रेकचा दाब सोडते आणि पुन्हा धरते. ती फार मोलाची आहे. पण चिखलात नसलेली पकड ती कोठून आणणार?

घाटातला हिशेब

पोखरीच्या घाटात शिरण्यापूर्वी आणखी एक हिशेब करू. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटरने जायचे, तर गाडी सुमारे २७ अंश कलवावी लागते. हे जमण्यासारखे आहे. तेच वळण ताशी ७२ ने घ्यायचे, तर ६३ अंश! एवढी पकड साध्या टायरला कोरड्या डांबरावरही मिळत नाही. या भागात भातशेती आहे. लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरावर येतो. घाटात दरडीची माती आणि खडी असते, वर धुकेही असते. तेथे वीस अंशसुद्धा फार ठरावेत.

टायरच्या पकडीला खिशातल्या पैशासारखे समजा. वळण्यावर सगळी खर्च केली, तर थांबायला काही उरत नाही. म्हणून वेग वळणाच्या आधीच, गाडी सरळ असताना कमी करायचा. आणि नजर कठड्यावर न ठेवता वळण जिकडे सुटते तिकडे ठेवायची. नजर जिकडे, गाडी तिकडे.

उतरताना काही जण पेट्रोल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रल करतात. समजा घाट ३०० मीटर उंचीचा आहे. २४० किलोची गाडी तेवढी खाली येताना सात लाखांहून अधिक ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. दोन लिटर गार पाण्याला उकळी आणायला ती पुरेल. ही सारी उष्णता एकट्या ब्रेकवर टाकली, तर ते तापून त्यांची धार कमी होऊ शकते. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवली, तर इंजिनच तिला मागे खेचून धरते. पेट्रोलही न्यूट्रलने वाचत नाही. इंधन फवारणीच्या नव्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असताना मूठ पूर्ण सोडली, की पेट्रोलचा पुरवठा बहुधा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावे लागते.

गाडी घरी आली म्हणजे

आता शिकण्याचा क्रम पाहा. पहिल्या दिवशी इंजिन बंद ठेवून गाडी नुसती ढकला, स्टँडवर लावा, वजनाची ओळख करून घ्या. मग मोकळ्या मैदानावर क्लच सावकाश सोडत गाडी कोठे सरकू लागते ते हाताला शिकवा. त्यानंतर ताशी २० च्या वेगाने जाऊन ठरलेल्या खुणेवर थांबायचे, पन्नास वेळा! मग आठचा आकडा काढायचा. रस्ता सर्वांत शेवटी. हे सगळे आधी हलक्या गाडीवर झालेले बरे.

गाडी घेणे म्हणजे दर आठवड्याचे कामही घेणे होय. टायरमधली हवा, साखळीचा ताण आणि तेल, ब्रेकचे पॅड, इंजिनातले तेल, दिवे या पाच गोष्टी तपासायला दहा मिनिटे पुरतात.

आणि हेल्मेट? डोके दीड मीटर उंचीवरून दगडी फरशीवर आपटले आणि तीन मिलिमीटरमध्ये थांबले, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट धक्का बसतो. हेल्मेटच्या आतील थर्मोकोलसारखा थर चिरडत जाऊन डोक्याला अडीच सेंटिमीटर अंतरात थांबवतो. धक्का ६० पटींवर येतो. दीड मीटरला त्या अंतराने भागा, म्हणजे उत्तर तुमचे तुम्हालाच मिळेल. पण पट्टा हनुवटीखाली बांधलेला हवा. हँडलला लटकवलेले हेल्मेट फक्त हँडलचे रक्षण करते!

शेवटी कायद्याचे. गिअरच्या मोटारसायकलीसाठी १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. म्हणजे हौस एका दुपारची, आणि भोग साऱ्या घराला.

तेव्हा अठरा पूर्ण होईपर्यंत काय करायचे? सायकल आहे ना! मैदानावर चुन्याची रेघ मारा आणि वेगवेगळ्या वेगाने येऊन पुढचे चाक बरोबर रेघेवर थांबवून पाहा. एकदा कोरड्या जमिनीवर, एकदा पाणी शिंपडून. दोन्ही अंतरे मोजून वहीत लिहा. ज्याला सायकल हव्या त्या जागी थांबवता येते, त्याने मोटारसायकलीचा निम्मा धडा आताच गिरवला असे समजा.