गव्हाच्या दाण्यातील तीन कुळे

ठाणे शहरातील वर्तकनगर ही म्हाडाच्या इमारतींभोवती वाढलेली वस्ती. अशा वस्तीतील वाण्याच्या दुकानात पोळीसाठी लोकवन किंवा सरबती, शेवया व रव्यासाठी बन्सी, आणि खिरीसाठी वा पथ्यासाठी खपली, अशी गव्हाची मागणी होत असते. गृहिणीला हा फरक अनुभवाने ठाऊक असतो. त्याचे मूळ मात्र हजारो वर्षांपूर्वी गव्हाच्या जनुकसंचात घडलेल्या घडामोडींत आहे.

बहुगुणित वनस्पती म्हणजे काय?

प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रे असतात व त्यांवर आनुवंशिक गुण ठरविणारी जनुके असतात. रानटी गव्हाच्या मूळ जातीत गुणसूत्रांच्या सात जोड्या, म्हणजे १४ गुणसूत्रे असतात. खपली व बन्सी यांत ती २८ आहेत, तर लोकवन व सरबती यांत ४२. गुणसूत्रांचे दोनपेक्षा अधिक संच बाळगणाऱ्या अशा वनस्पतींना बहुगुणित म्हणतात. कपाशी, ऊस, भुईमूग आणि केळी ही महाराष्ट्रातील महत्त्वाची पिकेही याच वर्गात मोडतात. कपाशीचे उदाहरण बोलके आहे. आपल्या देशी कपाशीत २६, तर अमेरिकन कपाशीत ५२ गुणसूत्रे असतात.

दोन संकर, तीन संच

दोन भिन्न जातींचा संकर सहसा खेचराप्रमाणे वांझ निघतो, कारण भिन्न गुणसूत्रांच्या जोड्या जुळत नाहीत. परंतु वनस्पतींत क्वचित गुणसूत्रांची संख्या आपोआप दुप्पट होते. मग प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार मिळतो आणि संकर बीजधारणा करू लागतो. काही लाख वर्षांपूर्वी पश्चिम आशियात दोन रानटी गवतांच्या बाबतीत असेच घडले व २८ गुणसूत्रांचा गहू निर्माण झाला. खपली हा त्याचाच लागवडीखालील वंशज होय.

पुढे, सुमारे ८ ते १० हजार वर्षांपूर्वी, अशा गव्हाचा कॅस्पियन समुद्राच्या परिसरात आणखी एका गवताशी संकर झाला. त्यातून ४२ गुणसूत्रांचा गहू जन्मास आला. हे तिसरे गवत कोणते, याचा उलगडा १९४४ साली जपानचे किहारा आणि अमेरिकेचे मॅकफॅडन व सीअर्स यांनी स्वतंत्रपणे केला.

संच एकत्र आल्यावर

तीन संच एका पेशीत नांदावयाचे, तर गुणसूत्रांच्या जोड्यांत गोंधळ होता कामा नये. गव्हातील एक जनुक नेमकी हीच शिस्त राखते. ते १९५७-५८ च्या सुमारास शोधले गेले. दुसरे असे की, एकाच कामासाठी जनुकाच्या अनेक प्रती असल्याने एखादी बिघडली तरी रोपाचे अडत नाही. परिणामी काही प्रती नष्ट होतात, काही मूक होतात, तर काही नवे काम पत्करतात.

याचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरातच आहे. दाणा मऊ ठेवणारी जनुके २८ गुणसूत्रांच्या गव्हातून नाहीशी झाली. त्यामुळे बन्सीचा दाणा अतिशय कठीण असतो व त्याचा रवा उत्तम निघतो. तिसऱ्या गवताने ती जनुके पुन्हा आणली, शिवाय कणकेला लवचीकपणाही दिला.

२०१८ साली गव्हाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. या आंतरराष्ट्रीय कार्यात भारतीय शास्त्रज्ञांचाही वाटा होता. हा संच मानवाच्या सुमारे पाचपट मोठा असून त्यात १ लाखाहून अधिक जनुके आढळली.

खपलीचे मोल

४२ गुणसूत्रांचा गहू मोजक्याच संकरांतून जन्मल्याने त्यातील, विशेषतः तिसऱ्या संचातील, विविधता तोकडी आहे. नवा रोग आल्यास ही उणीव महाग पडू शकते. अशा वेळी जुने वाण उपयोगी पडतात. खोडावरील तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत स्टॅकमन यांनी ठरविलेल्या बारा गव्हांच्या मालिकेत एक वाण 'खपली' याच नावाचे होते. खपलीतून मिळालेले तांबेराप्रतिकारक जनुक युगांडात १९९८-९९ साली आढळलेल्या घातक तांबेऱ्याविरुद्धही उपयुक्त ठरले.

महाराष्ट्रात सांगली, सातारा, कोल्हापूर या भागांत खपली पिकते. मळणीनंतरही टरफल दाण्याला चिकटून राहत असल्याने ती कांडावी लागते. त्यामुळे श्रम व खर्च वाढतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 'एमएसीएस २९७१' हे खपलीचे बुटके वाण विकसित केले आहे. बुटके असल्याने ते सहजासहजी लोळत नाही.

खपलीविषयी एक गैरसमज मात्र दूर व्हावयास हवा. तिच्यात ग्लुटेन असतेच. ग्लुटेन न सोसणाऱ्या रुग्णांनी ती पथ्य म्हणून खाऊ नये.

ज्या गावांत खपलीचे घरचे बियाणे अद्याप टिकून आहे, तेथे ग्रामपंचायतीने त्याची नोंद ठेवावी. शिक्षकांनी तीन प्रकारच्या गव्हाचे दाणे विद्यार्थ्यांसमोर शेजारी शेजारी ठेवावेत. एकदा नाहीसे झालेले वाण प्रयोगशाळेत पुन्हा घडविता येत नाही, ही जाणीव त्यातून रुजेल.