नव्या प्रोसेसरसाठी थांबायचं का?

‘आत्ता घेऊ नका, नवा प्रोसेसर येतोय’ हा सल्ला एके काळी रास्त होता. गॉर्डन मूर यांनी १९७५ मध्ये सांगितलं होतं, की चिपवरच्या ट्रान्झिस्टरांची संख्या दर दोन वर्षांनी दुप्पट होईल. नव्वदच्या दशकात त्याबरोबर क्लॉकचा वेगही झपाट्याने वाढला. पण २००४ मध्ये पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झला येऊन अडला. चिप इतकी तापू लागली, की कंपन्यांनी वेगाचा नाद सोडून कोर वाढवायला घेतले. पत्रं टाइप करताना किंवा हिशेब मांडताना हे जादा कोर बहुतेक वेळ रिकामेच बसतात.

म्हणून आधी टास्क मॅनेजर उघडून बघा. सीपीयू १५ टक्क्यांवर आणि डिस्क १०० टक्क्यांवर दिसली, तर खोळंबा हार्ड डिस्कमुळे आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यासाठी ८ मिलिसेकंद लागतात; हवी ती माहिती हेडखाली येईपर्यंत प्रोसेसर ताटकळतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. ती बसवली की जुनं यंत्र खरोखर चपळ होतं, आणि खर्चही नव्या संगणकाच्या मानाने किरकोळ.

अडचण वेगळीच आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार होत असतील, तर नवा संगणक आत्ताच घ्या. मागच्या पिढीचा प्रोसेसरही चालेल.