पळत्या अक्षरांचं औषध

हे वाक्य वाचताना तुमची नजर ओळीवरून सरळ घसरत चालली आहे, असं वाटतंय ना? अजिबात नाही! ती बेडकासारख्या उड्या मारतेय. एक उडी, पाव सेकंदाचा थांबा, पुन्हा उडी. गंमत म्हणजे उडी चालू असताना आपल्याला काहीच वाचता येत नाही. सगळं वाचन त्या थांब्यांमध्येच उरकतं.

मग पुढची उडी कुठे मारायची, हे डोळ्यांना कसं कळतं? नजर एका शब्दावर टेकली की मेंदू गुपचूप पुढचेही शब्द चाचपून घेतो. इंग्रजी वाचणाऱ्याला डावीकडची जेमतेम तीन-चार अक्षरं उपयोगी पडतात, उजवीकडची मात्र १४-१५! उजवीकडून डावीकडे हिब्रू वाचणाऱ्याचं नेमकं उलट.

आता समजा, पक्षाघातात मेंदूच्या डाव्या भागाचा पाठीमागचा कोपरा दुखावला. माणूस म्हणतो, ‘उजवा डोळा गेला.’ पण डोळे दोन्ही धडधाकट असतात. गेलेलं असतं ते दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या दृश्याचं उजवं अर्धं. बोलणं शाबूत, लिहिणं शाबूत, अक्षरओळखही शाबूत, आणि तरी पेपरातली एक बातमी संपता संपत नाही. पुढचं दिसतच नाही, तर उडी मारायची कुठे? (अक्षरंच अनोळखी वाटू लागतात तो विकार वेगळा. त्यावर पुढे सांगितलेला इलाज चालत नाही.)

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले मेंदूतज्ज्ञ अलेक्स लेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर ‘रीड-राइट’ नावाची मोफत वेबसाइट बनवली. घरच्या कॉम्प्युटरसमोर बसायचं. दृष्टी किती गेली आणि वाचनाचा वेग किती, हे वेबसाइटच तपासते. मग आवडीचा मजकूर निवडायचा आणि वाचत राहायचं. फरक एकच: मजकूर उजवीकडून डावीकडे सरकत असतो.

एवढ्यानं काय होणार?

प्लॅटफॉर्मवर उभं राहून न थांबता जाणारी फास्ट लोकल बघणाऱ्याचे डोळे कधी पाहिलेत? एका डब्याबरोबर ते ओढले जातात आणि पुढचा डबा पकडायला झटक्यात उलट दिशेला येतात. आपोआप! मजकूर डावीकडे सरकला की नजर त्याच्यामागे डावीकडे जाते आणि झटका बसतो उजवीकडे, म्हणजे नेमका हरवलेल्या बाजूला. जे मुद्दाम करणं इतकं जड जातं, त्याचा सराव एक जन्मजात सवय फुकटात करून घेते.

२०१२ साली या वेबसाइटवर सराव केलेल्या ३३ रुग्णांचे आकडे प्रसिद्ध झाले. पाच तासांच्या सरावानंतर वेग १० टक्के वाढला होता, वीस तासांनंतर ४६ टक्के. आणि हा वेग मोजला होता स्थिर मजकुरावर! गेलेली दृष्टी काही परत आली नव्हती. डोळे तिच्यावाचून वाचायला शिकले होते.

‘डोळ्यांना रोज कुठलाही सराव दिला की कुणीही सुधारेल,’ अशी शंका यायलाच हवी. मला तरी आली. पण याच गटाच्या २००७ सालच्या चाचणीत काही रुग्णांना आधी चित्रांतले फरक शोधायला बसवलं होतं. त्यानं त्यांचं वाचन सुधारलं नाही. सरकता मजकूर दिल्यावर सुधारलं.

देवनागरीही डावीकडून उजवीकडेच जाते, त्यामुळे मराठी वाचकाच्या डोळ्यांचं गणितही हेच असणार. उर्दू वाचणाऱ्याला मात्र डावी बाजू गेली तर जास्त अडेल, आणि त्याच्यासाठी मजकूर उलटा, डावीकडून उजवीकडे पळवावा लागेल. उर्दू वृत्तवाहिन्यांवरची बातम्यांची पट्टी पळते तसा.