श्रमकौशल्य आणि श्रमबाजार यांची सांगड : पारशिवनी तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

काम नसलेला मनुष्य आणि मनुष्य न मिळालेले काम ही दोन्ही एकाच परिसरात, एकाच वेळी आढळतात. एकूण मागणी अपुरी पडली म्हणजे बेकारी उद्भवते, हे केन्सप्रणीत स्पष्टीकरण या वस्तुस्थितीचा पूर्ण उलगडा करू शकत नाही. मागणी आहे, पुरवठाही आहे; परंतु त्यांची गाठ पडत नाही. ही गाठ का पडत नाही व ती पडावी म्हणून निर्माण झालेल्या संस्था कोठे उणावतात, याचा विचार नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी तालुक्याच्या संदर्भात प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन व ख्रिस्तोफर पिसारिडीस यांना 2010 साली ज्या कार्याबद्दल अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचा गाभा असा : श्रमबाजारात शोध घेण्यास वेळ व पैसा लागतो. त्यामुळे रिकाम्या जागा आणि बेकार व्यक्ती ही दोन्ही एकत्र नांदू शकतात. शोधाची कार्यक्षमता वाढली तर तेवढ्याच जागांमधून अधिक माणसे कामास लागतात.

येथे तीन प्रकारच्या उणिवा वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली माहितीची : कौशल्य आहे, जागाही आहे, पण दोहोंना एकमेकांचा पत्ता नाही. दुसरी कौशल्याची : जागेचा पत्ता आहे, पण तिला लागणारे कसब नाही. तिसरी प्रमाणाची : कसब आहे, पण ते सिद्ध करणारा कागद नाही. पहिलीवर उपाय सेवायोजनाचा, दुसरीवर प्रशिक्षणाचा आणि तिसरीवर प्रमाणीकरणाचा. एकीवरील उपाय दुसरीवर लागू पडत नाही, आणि धोरणाची फसगत बहुधा येथेच होते.

तालुक्यातील कामाचे प्रकार

पारशिवनी तालुक्यात परस्परांहून भिन्न असे अनेक श्रमबाजार शेजारी शेजारी आहेत. नवेगाव खैरी येथील पेंच जलाशयाच्या आसपासचा भाग शेतीचा. उत्तरेकडे पेंचचे अरण्य. तेथे कोलितमाऱ्यासारख्या गावांत वनोपज आणि अलीकडे पर्यटन हे रोजगाराचे साधन. दक्षिणेस कन्हान हे रेल्वेचे जंक्शन व औद्योगिक गाव. त्याच्याच परिसरात कामठी कोळसा क्षेत्रातील गोंडेगावची उघडी खाण. याखेरीज शेजारच्या रामटेक तालुक्यात मनसर व कांद्री येथील मँगेनीजच्या खाणी आहेत. शेतमजुराला पेरणी-कापणीच्या दिवसांत काम मिळते, इतर वेळी मिळत नाही; खाणीला मात्र बारमाही, प्रशिक्षित आणि कायद्याने ठरविलेल्या अर्हतेचा माणूस हवा असतो. अंतर काही कोसांचे असले तरी एका बाजारातून दुसऱ्यात जाण्याची वाट सोपी नाही.

सेवायोजनाची मर्यादा

ब्रिटनमध्ये विल्यम बेव्हरिज यांच्या पुरस्काराने 1909 साली सेवायोजन केंद्रांचा कायदा झाला. भारतात ही यंत्रणा 1945 साली, युद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी, उभी राहिली. शिवा राव समितीच्या शिफारशींनंतर 1956 च्या नोव्हेंबरात तिचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. रिक्त पदे कळविणे सक्तीचे करणारा 1959 चा कायदा 1 मे 1960 रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्याच दिवशी, अमलात आला.

या कायद्याची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. खाजगी क्षेत्रातील शेतीची कामे, घरकाम, तीन महिन्यांहून कमी मुदतीचे काम आणि कचेरीतील अकुशल काम त्याच्या कक्षेबाहेर होते. खाजगी क्षेत्रात पंचवीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच तो लागू होई. आणि जागा कळविली तरी ती सेवायोजन कार्यालयामार्फतच भरावी असे बंधन मालकावर नव्हते. पारशिवनीसारख्या तालुक्यातील बहुसंख्य मजुरांचे काम हंगामी व शेतीचे असल्याने ते या यंत्रणेच्या दृष्टीस पडलेच नाही. पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या कायद्याचा समावेश करण्यात आला.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारास आलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने वेगळा मार्ग घेतला. 1977 साली मंजूर झालेल्या तिच्या कायद्याने अकुशल अंगमेहनतीच्या कामाची हमी दिली. कौशल्याची अटच काढून टाकल्यामुळे सांगडीचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. दुष्काळात हे वरदान होय. परंतु मजूर वर्षानुवर्षे तेथेच राहिला तर त्याचे कसब वाढत नाही, हेही तितकेच खरे.

जमिनीच्या बदल्यात नोकरी

खाणीच्या परिसरात नोकरीचा आणखी एक निकष प्रचलित आहे, आणि तो कौशल्याचा नाही. कोल इंडियाच्या 2012 च्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी असे प्रमाण ठेवले आहे. त्याहून लहान तुकड्यांच्या मालकांना एकत्र येऊन एक नाव पुढे करण्याची मुभा आहे. गमावलेल्या जमिनीची भरपाई म्हणून हा निकष न्याय्य मानता येईल. तथापि त्याचे परिणाम दोन. जो भूमिहीन त्याच शेतात राबत होता, त्याचे काम जमिनीबरोबर जाते आणि त्याच्या वाट्याला नोकरी येत नाही. तसेच ज्याला नोकरी मिळते, तो त्या कामास योग्य आहे की नाही हे नेमणुकीनंतर पाहावे लागते. म्हणजे येथे सांगड आधी आणि प्रशिक्षण मागाहून, असा उलटा क्रम होतो.

विशिष्ट कौशल्य व सामान्य कौशल्य

गॅरी बेकर यांनी 1964 च्या आपल्या ग्रंथात सामान्य व विशिष्ट प्रशिक्षणातील जो भेद स्पष्ट केला, तो येथे उपयोगी पडतो. जोडारी, संधाता किंवा वीजतंत्री यांचे कसब खाणीत, कारखान्यात व बाजारपेठेतील छोट्या दुकानातही चालते. मायनिंग सरदार वा ओव्हरमन यांचे प्रमाणपत्र खाणीबाहेर फारसे उपयोगाचे नसते. भूमिगत खाणीत कोळसा भरणाऱ्या लोडरचे कसब उघड्या खाणीत जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण तेथे डंपर व शॉवेल चालविणारा लागतो. कोळशाचा साठा मर्यादित असतो; खाण केव्हा तरी बंद होणारच. ज्या कुटुंबाने जमीन देऊन नोकरी घेतली, त्याच्या पुढील पिढीला तेव्हा जमीनही नसेल व खाणही नसेल. म्हणून सामान्य कौशल्याची जोड हा येथे ऐच्छिक भाग नसून उपजीविकेचा प्रश्न आहे.

याउलट, अरण्यालगतच्या गावातील तरुणास पशुपक्षी, पाणवठे व पाऊलखुणा यांचे जे ज्ञान असते, ते कोणत्याही संस्थेत मिळत नाही. पर्यटनामुळे त्यास मोल आले. पूर्वार्जित कौशल्यास प्रमाणपत्र देण्याची जी तरतूद 2015 च्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत झाली, तिचा खरा उपयोग अशा ठिकाणी आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, तालुका हेच अभ्यासाचे योग्य एकक होय. जिल्ह्याच्या सरासरीत शेत, रान व खाण यांतील भेद बुजून जातो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी गावपाहणी करताना केवळ ‘बेकार किती’ एवढेच विचारू नये. अंगी असलेले कसब कोणते, ते कोठे शिकले, त्याचा कागद आहे काय, आणि शेवटचे काम कोणाकडून कळले, हे चार प्रश्न प्रत्येक घरी विचारावेत. उणीव माहितीची, कौशल्याची की प्रमाणाची, हे त्यांच्या उत्तरांवरून ठरेल, आणि उपाय कोणत्या खात्याकडे मागावयाचा तेही त्यावरूनच ठरेल.