बंगळूरच्या पोटातला मुरूम

निरीक्षण विहिरीसाठी बोअर मारायला गाडी लागली की भूवैज्ञानिक पाण्याकडे नंतर बघतो, आधी चुऱ्याकडे. कॉम्प्रेसरची हवा खालून जे वर फेकते, त्याचे ठरावीक खोलीगणिक छोटे ढीग रांगेने मांडतात. बंगळूरमध्ये ही रांग बहुतेक ठिकाणी सारखीच असते. आधी तांबडी माती, मग पिवळट-पांढरा, बोटांनी चुरगळणारा, अभ्रकाने चमचमणारा मुरूम, आणि मग एकाएकी करडी कोरडी पूड. पूड आली की कातळ लागला म्हणायचं.

हा कातळ म्हणजे सुमारे 300 कोटी वर्षांचा पट्टिताश्म. लालबागेच्या टेकडीवर तो उघडाच पडलाय. आपल्या बेसॉल्टसारखे त्यात लाव्ह्याचे थरावर थर नाहीत, त्यामुळे एक कोरडा निघाला तर खालच्यात पाणी लागेल अशी आशा ठेवायची सोय नाही. पाणी दोनच जागी: वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. मुरूम पावसाळ्यात भरतो. भेगा मात्र खोल जावं तशा विरळ होतात, आणि त्यांत उतरणारं पाणीही बहुतेक मुरमातूनच झिरपलेलं. गेल्या पन्नास वर्षांत शहराने हा साधा हिशेब उलटा मांडला.

बारमाही नदी नसलेलं, समुद्रसपाटीपासून 900 मीटरवरचं हे गाव. 1638 नंतर शहाजीराजे इथे राहिले, तेव्हा ते तलावांवर आणि विहिरींवरच जगत होतं. तलावांच्या तळाशी चिकण गाळ साठला. तो पाणी धरून ठेवी, खाली फार जाऊ देत नसे, हेही लक्षात ठेवायला हवं. तलाव दिसला की पुनर्भरण झालंच असं नसतं. पुढे धर्मांबुधी तलावाच्या जागी मॅजेस्टिकचं बसस्थानक आलं, संपंगी तलावाच्या जागी कंठीरव स्टेडियम. तिथे गाळावर भरावाचा आणखी एक थर चढला, आणि हा थर निसर्गाने नव्हे तर नगरपालिकेने घातलेला.

1974 मध्ये कावेरीचं पाणी आलं आणि विहिरींचा मान गेला. काहींत कचरा पडला, काही बुजवल्या. कावेरी पोचली नाही तिथे बोअरची गाडी पोचली. दोनशे-तीनशे फुटांवरून सुरुवात झालेल्या बोअर पुढे हजार-दीड हजारांवर गेल्या. माती ढासळू नये म्हणून कातळापर्यंत केसिंग घालतात. त्या पाइपाने मातीबरोबर मुरमातलं पाणीही बाहेरच अडवलं. ज्या थरात पाणी होतं तो बंद करून, नसलेल्या थरात शोध सुरू झाला, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

मोजमापाचंही तेच. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चार वेळा पातळी घेतं. आधी या नोंदी उघड्या विहिरींतून होत. 1995 पासूनच्या जलविज्ञान प्रकल्पात पिझोमीटर, म्हणजे खास पातळी मोजायच्या अरुंद बोअर, आले. विहीर मुरमाची पातळी सांगते, खोल पिझोमीटर भेगांची. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात बसवले की अर्थ हरवतो. भारतीय विज्ञान संस्थेच्या एम. सेखर आणि सहकाऱ्यांच्या 2018 च्या अभ्यासात शहराच्या गाभ्यात पाणी वर आणि कडेच्या वस्त्यांत खूप खाली दिसलं. गाभ्यातली श्रीमंती पावसाची कमी, गळक्या नळांची जास्त.

2009 पासून पर्जन्यजल संधारण सक्तीचं झालं. बायोम संस्थेने पुनर्भरण विहिरींची मोहीम काढली, आणि खोदायला पुन्हा मण्णु वड्डर आले, म्हणजे आपल्याकडचे माती वडार. सिमेंटच्या कड्या उतरवत वीस-तीस फूट खाली जायचं, मुरूम लागला की पाणी पितो की नाही ते पाहायचं. कब्बन पार्कातल्या जुन्या विहिरी उपसल्यावर त्यांत पाणी आलं. भोवती हजार फुटांच्या बोअर कोरड्या असताना!

2024 च्या उन्हाळ्यात सरकारने सांगितलं, सुमारे 14,000 सरकारी बोअरपैकी 6,900 आटल्या. उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांच्या घरचीही आटली. ऑक्टोबरात कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, रोज 77.5 कोटी लिटरचा, कडेच्या 110 गावांसाठी. तिथल्या बोअरवरचा भार त्याने हलका व्हावा. मुरमात मात्र पाण्याबरोबर सांडपाणीही मुरतं, नायट्रेट वाढतं. गाभ्यातल्या विहिरीचं पाणी बागेला, धुण्याला बेलाशक वापरावं. पिण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं.