ए वन म्हणजे काय गं?

जानेवारीतली संध्याकाळ. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मी मेथी निवडत बसले होते आणि दुसऱ्या टोकाला लेकीचा उघडा लॅपटॉप. ती आतल्या खोलीत फोनवर बोलत होती. मैत्रिणींनो, खरं सांगते, मी मुद्दाम डोकावले नव्हते. पण समोर अक्षरं असली की डोळे वाचतातच. पुडीचा कागदसुद्धा आपण वाचून मगच फेकतो, नाही का?

पडद्यावर ओळीने बायकांची नावं होती. गाव, नवऱ्याचं नाव, मोबाइल, हिमोग्लोबिन, पाळीची शेवटची तारीख. वाण्याची यादी वाचावी तशी मी वाचत गेले आणि एका नावापाशी थबकले. आडनाव ओळखीचं, नवऱ्याचं नाव ओळखीचं. आमच्याच आळीतली सून! तिच्यापुढे लिहिलं होतं, जी ३, पी १, ए १.

लेक बाहेर आल्यावर मी सहज विचारलं, ‘‘हे ए वन म्हणजे काय गं? तब्येत एकदम ए वन आहे, असं का?’’

ती हसली. ‘‘नाही गं आई. जी म्हणजे कितव्यांदा दिवस राहिले, पी म्हणजे बाळंतपणं किती झाली आणि ए म्हणजे ॲबॉर्शन. आपोआप झालं असेल किंवा करून घेतलं असेल, दोन्ही त्यातच धरतात.’’ बोलता बोलता तिचं माझ्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि तिने पटकन लॅपटॉप मिटला.

ते घर मला वीस वर्षांपासून माहीत आहे. सुनेला ‘दुसऱ्यांदा’ दिवस गेलेत, असंच त्या घरात सगळे समजतात. सासूबाईसुद्धा.

(इथे एक सांगून ठेवते. आळी, नाती, महिने, सगळ्यात मी मुद्दाम अदलाबदल केली आहे. ओळखू पाहणाऱ्यांनी उगाच डोकं शिणवू नये.)

आता ही यादी आमच्या घरात आलीच कशी, ते सांगते. २०२४-२५ साली लेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. या वर्षात मुलांना एक मोठा प्रोजेक्ट करावा लागतो. चारजणांचा गट, एक गाइड, मध्ये दोन-तीन वेळा परीक्षण आणि शेवटी काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं छापलेला जाडजूड रिपोर्ट. ज्यांच्या घरात इंजिनिअर आहे, त्यांच्या कपाटावर तो रिपोर्ट असणारच. आमच्या भाच्याच्या रिपोर्टवर वहिनी अजून इस्त्री टेकवतात.

हे प्रोजेक्ट विकतही मिळतात बरं का! पैसे मोजले की प्रोग्रॅम, रिपोर्ट, तोंडी परीक्षेत काय बोलायचं ते, सगळं तयार. आमच्या ह्यांचं मत तेच पडलं. ‘‘सगळेच घेतात, तूही घे. उरलेला वेळ नोकरीच्या तयारीला दे.’’ लेकीला ते पटेना. पुण्यातल्या मोठ्या कंपन्यांना पत्रं पाठवून झाली, उत्तरं आली नाहीत. मग कोणीतरी आमच्याच गावातली एक छोटी कंपनी सुचवली.

कंपनी म्हणजे काय, तर मेडिकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चार माणसं आणि एक इन्व्हर्टर. शाळांसाठी दाखले, फीच्या पावत्या, निकालपत्रकं यांचं सॉफ्टवेअर करतात आणि लहान दवाखान्यांसाठी केसपेपरचं. मी सरांना विचारलं, शाळा आणि दवाखाना हा काय मेळ? ते म्हणाले, ‘‘ताई, दोन्हीकडे अडचण एकच. माणूस एक आणि त्याच्या नावाची स्पेलिंगं चार.’’ ह्यांनी मात्र पहिला प्रश्न विचारला, ‘‘पैसे मागत नाहीत ना?’’ तोही बरोबरच होता. प्रोजेक्ट देतो म्हणून मुलांकडूनच फी उकळणाऱ्या जागा असतात. सरांनी पैसे मागितले नाहीत, दिलेही नाहीत. लेटरहेडवर पत्र दिलं आणि एक अट घातली. पहिला आठवडा कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. गावातल्या एका प्रसूतिगृहात सिस्टरच्या शेजारी नुसतं बसायचं.

काम वरवर सोपं होतं. गरोदर बायकांच्या तपासण्यांच्या तारखा काढायच्या, कोण चुकली ते सिस्टरला दाखवायचं, रक्त कमी असेल तिची ओळ लाल करायची. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११च्या खाली गेलं की रक्तक्षय आणि ७च्या खाली म्हणजे धोक्याचं, हे मला लेकीकडून कळलं. माझी दोन बाळंतपणं झाली, पण माझं हिमोग्लोबिन किती होतं ते मला आजही माहीत नाही! २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय निघाला होता. म्हणजे आपल्या भिशीत दहाजणी असतील तर पाच-सहाजणी.

पहिल्याच दिवशी मुलांची विकेट पडली. प्रोग्रॅममध्ये पाळीच्या तारखेसाठी चौकट होती, दिवस-महिना-वर्ष. सिस्टरने समोरच्या बाईला तारीख विचारली, तर ती म्हणाली, ‘‘पाडव्याला माझी अडचण होती. गुढी जाऊबाईंनी उभारली.’’ आता ही गुढी चौकटीत कशी बसवायची? सिस्टरने भिंतीवरचं कॅलेंडर चाळलं, पाडवा ९ एप्रिल. नऊ महिने आणि वर सात दिवस, म्हणजे १६ जानेवारी. बोटांवर मोजून मोकळी. पुढची म्हणाली, ‘‘पोळ्याच्या आधीच्या बाजाराला.’’ तिसरीला काहीच आठवेना, मग तिच्या नणंदेच्या डोहाळजेवणावरून हिशेब लावला.

त्या रात्री लेकीने मला विचारलं, ‘‘आई, माझ्या वेळी तू तारीख कशी लक्षात ठेवलीस?’’ मी म्हटलं, ‘‘कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी फुली.’’ दुसऱ्या दिवशी पोरांनी प्रोग्रॅममध्ये सणवार, अमावास्या-पौर्णिमा आणि गावाचा आठवडी बाजार घातला. सण निवडायचा, ‘आधी किती दिवस, नंतर किती दिवस’ भरायचं, तारीख आपोआप. कॉलेजच्या गाइडना म्हणे हे ‘टेक्निकल’ वाटलं नाही. सिस्टरला मात्र फार आवडलं.

असं सगळं छान चाललं होतं. आणि मग ती जानेवारीतली संध्याकाळ.

लेकीने सांगितलं, प्रोग्रॅम तपासायला काहीतरी माहिती लागते. कंपनीतल्या एकाने दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरून तीन महिन्यांची यादीच काढून पेन ड्राइव्हवर दिली. नावं-गावं सगळ्यांसकट. ती आता चौघांच्या लॅपटॉपवर होती. एक मुलगा होस्टेलवर राहतो, त्याच्या खोलीत आणखी तिघं.

‘‘आई, तू कोणाला सांगणार नाहीस ना?’’ तिने विचारलं. मला रागच आला. पण खरं सांगू का, तिने विचारलं ते बरोबर होतं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे अख्ख्या माहेराला माहीत आहे.

चारच दिवसांनी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्या सासूबाई आल्या. वाण घेताना म्हणाल्या, ‘‘आमच्या सुनेची दुसरी खेप आहे हो. पहिल्या वेळेसारखंच सगळं नीट होऊ दे.’’ सभोवती सात-आठजणी. माझ्या हातात तिळगुळाची वाटी आणि जिभेच्या टोकावर ते वाक्य. सुनेचं दुःख माझं नव्हतं, त्यामागचं कारण मला ठाऊक नव्हतं, तरी ते सांगून टाकावंसं वाटत होतं. मी म्हटलं, ‘‘होईल हो, सगळं छान होईल,’’ आणि आत जाऊन घटाघटा पाणी प्यायले.

रात्री मी लेकीला म्हटलं, हे सरांना सांग. ती घाबरली. पंधरा दिवसांवर परीक्षण आलेलं. सर चिडले, पत्र मागे घेतलं, तर वर्ष जाईल. हे म्हणाले, ‘‘परीक्षा होऊ दे, मग बघू. कोण बघतंय?’’ मी म्हटलं, ‘‘मी बघितलं ना!’’ त्यावर घरात दोन दिवस बोलाचाली बंद. तिसऱ्या दिवशी ती आपणहून गटातल्या दोघींना घेऊन कंपनीत गेली.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत म्हणे. मग म्हणाले, ‘‘चूक आमची आहे.’’ चारही लॅपटॉप मागवले, समोर बसून यादी पुसली, पेन ड्राइव्ह काढून घेतला. आणि स्वतः जाऊन डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर साहजिकच भडकले. कायदा त्यांना पाठ असणार. गर्भपात करून घेतलेल्या बाईचं नाव, तपशील अधिकार नसलेल्या कोणालाही सांगायचे नाहीत, असं कलम २०२१च्या दुरुस्तीने वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यात आलंय. मोडलं तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. २०२३मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा वेगळा कायदाही झाला. मुलांना चार वर्षांत कॉम्प्युटरच्या सतरा भाषा शिकवल्या, पण हे कोणी सांगितलं होतं, असं लेकीला आठवत नाही.

तीन आठवडे दवाखान्यात जाणं बंद. मग पोरांनी दोनशे खोट्या बायका तयार केल्या. सौ. चवळी, सौ. मटकी, सौ. राजगिरा. आमच्या घरात तेवढंच हसू आलं. आणि त्या खोट्या यादीनेच एक गोष्ट दाखवून दिली. सौ. मटकीचा स्वतःचा मोबाइल नंबर होता. खऱ्या यादीत, सिस्टर म्हणाल्या, कितीतरी नंबर नवऱ्याचे, दिराचे, सासऱ्यांचे. मग आठवणीचा मेसेज नक्की कोण वाचणार? पहिल्या मसुद्यात मुलांनी नाव, कितवी खेप, हिमोग्लोबिन, सगळं भरलं होतं. तो मेसेज सासऱ्यांच्या फोनवर वाजला असता! तो त्यांनी काढून टाकला. आता फक्त दवाखान्याचं नाव, तारीख आणि वेळ. शिवाय केसपेपर काढतानाच सिस्टर विचारतात, ‘‘या नंबरवर कळवलं तर चालेल ना?’’ त्या ‘हो-नाही’ची चौकट लेकीने स्वतः केली. तिच्या मते अख्ख्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात लहान काम तेच होतं, अर्ध्या तासाचं.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या सरांनी पाडवाही विचारला नाही आणि मेसेजही. दोन आकृत्यांवर प्रश्न विचारले, मार्क बरे दिले. सोनेरी अक्षरांचा रिपोर्ट आमच्याही कपाटावर आला. सणवारांचा भाग कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवलाय. सिस्टर तो वापरतात आणि शेजारी जुनी वहीही ठेवतात. वीज गेली की वहीच कामाला येते.

तुमच्याही मुली शेवटच्या वर्षाला असतील. प्रोजेक्ट कुठे मिळाला, स्टायपेंड मिळतो का, हे आपण विचारतोच. त्याबरोबर एवढंही विचारा, की लॅपटॉपवरची नावं खरी आहेत का, आणि ती तिच्याकडे कोणी, कोणाला विचारून दिली.

आळीतल्या सुनेला मुलगी झाली. बारशाला गेले होते. पाळण्याला हात लावून मी बाजूला बसले, तर ती स्वतः घुगऱ्या घेऊन आली. चेहरा अजून फिकाच होता. वाटी माझ्या हातात देत म्हणाली, ‘‘काकू, तुमची लेक कॉम्प्युटरचं काय करते हो?’’

‘‘दवाखान्याच्या तारखांचं काहीतरी करत होती,’’ मी म्हटलं. ‘‘गोळ्या घेतेस ना गं रक्तवाढीच्या?’’

‘‘घेते की,’’ म्हणाली आणि पुढच्या बाईकडे वळली.